न लिहायचा रकाना

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात गोरेगाव आहे. तिथली सून सोनोग्राफीसाठी शहराकडे निघते तेव्हा तिच्या पिशवीत आशाताईंनी भरून दिलेले माता-बाल संरक्षण कार्ड असते, आधारकार्डाची झेरॉक्स असते, डॉक्टरांची चिठ्ठी असते आणि पाण्याची मोठी बाटली असते. बाटली तहानेपुरती नसते. सुरुवातीच्या महिन्यांत लघवी तुंबलेली असली तरच पोटातले नीट दिसते, हे जाऊबाईने तिला आधीच बजावून ठेवलेले असते.

केंद्राच्या दर्शनी भिंतीवर पाटी असते: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. ही पाटी इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही लावलीच पाहिजे, असा नियम आहे. आत गेल्यावर यंत्राच्या आधी टेबल लागते. टेबलामागची मुलगी फॉर्म पुढे ओढते.

“ताई, पहिलं काय आहे?”

“पोरगी.”

“वय?”

“पाचवं चालू हाय.”

“दुसरं?”

इथे सून गप्प राहते. सोबत आलेली सासू सांगते, “ती बी पोरगीच हाय, मॅडम.”

पेन दोन जागी टेकते: जिवंत मुलगे शून्य, जिवंत मुली दोन. मग नवऱ्याचे नाव, पत्ता, कुणी पाठवले, शेवटची पाळी कधी आली, तपासणी कशासाठी. खाली सून सही करते किंवा अंगठा उठवते: गर्भाचे लिंग जाणून घेण्याची मला इच्छा नाही. तपासणी झाली की डॉक्टरही सही करतात: मी ते पाहिलेले नाही आणि कुणाला सांगितलेले नाही. या कागदाला सगळे ‘एफ फॉर्म’ म्हणतात. त्यातली मुलगे-मुलींची नोंद साधी वाटते, पण ती तिथे विचारपूर्वक ठेवलेली आहे. दोन मुलींनंतरची खेप हीच गर्भ तपासून पाडण्याच्या मोहाची खेप, हे तो फॉर्म करणाऱ्यांना ठाऊक होते.

अर्ध्या तासाने हातात वेगळा कागद पडतो, तो रिपोर्ट. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी, हृदयाचे ठोके, पाणी किती, वार कुठे. बाळाविषयी यंत्राला कळलेले जवळजवळ सगळे त्यात असते. पुरेसे महिने भरले असतील तर यंत्राला आणखी एक गोष्ट दिसू शकते. तिच्यासाठी ना फॉर्ममध्ये रकाना आहे, ना रिपोर्टमध्ये ओळ.

डॉक्टरी नोंदींच्या इतिहासात असे उदाहरण विरळा. एरवी काय लिहायचे यासाठी फॉर्म बनतात. आपल्या देशात, एक गोष्ट लिहिली जाऊ नये, बोलली जाऊ नये, म्हणून तिच्याभोवतीचे सगळे काही लिहून घेणारा फॉर्म घडला. सोनोग्राफीची नोंद ठराविक रकान्यांत भरण्याची सवय आपल्या डॉक्टरांना लागली ती बऱ्याच अंशी या फॉर्मच्या धाकाने. त्याची ही हकीकत.

पत्रासारखा रिपोर्ट

८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि लवकरच ते जगभरच्या दवाखान्यांत पोचले. फिल्म पाहणारा डॉक्टर आपले मत दुसऱ्या डॉक्टरला पत्र लिहावे तसे लिहू लागला. एक जण ‘छाया’ म्हणे, दुसरा ‘डाग’, तिसरा ‘शंका येते’ एवढ्यावर थांबे. वाचणाऱ्याने मथितार्थ काढायचा. सोनोग्राफीनेही तीच रीत उचलली. १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी, धातूतल्या भेगा शोधणाऱ्या कारखान्यातल्या यंत्राच्या आधाराने, पोटातल्या गाठी आणि गर्भ दाखवणारा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापला. त्यानंतर तीसेक वर्षे सोनोग्राफीचा रिपोर्ट म्हणजे पाहणाऱ्याच्या शैलीतला परिच्छेदच राहिला.

रकान्यांचा आग्रह पश्चिमेत उशिरा आला. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने १९९३ मध्ये स्तनांच्या मॅमोग्राफीसाठी ‘बाय-रॅड्स’ ही पद्धत आणली. निरीक्षणाला ठरलेले शब्द आणि निष्कर्षाला ठरलेला आकडा, म्हणजे शस्त्रक्रिया करणाऱ्याला वाक्यांचा अर्थ लावत बसावे लागू नये. त्याच वर्षी यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ‘डायकॉम’ ही भाषा त्या नावाने रूढ झाली, आणि २००० साली तिच्यात मोजमापे व निष्कर्ष रकान्यांत पाठवण्याची सोय झाली. प्रसूतिशास्त्रातल्या सोनोग्राफीसाठी तिच्यात वेगळा साचाही आहे. तिथे प्रेरणा उपचाराची होती: चूक टळावी, तुलना करता यावी, संगणकाला वाचता यावे. आपल्याकडे रकाने आले ते वेगळ्या वाटेने.

गर्भजलाची सुई आणि १९८८चा कायदा

सत्तरच्या दशकाच्या मध्यात गर्भजल परीक्षा भारतात आली ती जन्मजात व्यंगे ओळखण्यासाठी. गर्भपिशवीतले पाणी सुईने काढून पेशी तपासायच्या. त्या पेशींतून मुलगा की मुलगी हेही कळत होते आणि बाजाराने तेवढेच उचलले. १९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांतले ४२ जण ही परीक्षा करत असल्याचे त्यांना आढळले. त्याच सुमारास मुंबईत गर्भलिंग निदानाविरोधी मंच उभा राहिला. स्त्रीसंघटना, डॉक्टर, वकील, पत्रकार एकत्र आले, मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली. १९८८ मध्ये महाराष्ट्राने प्रसूतिपूर्व निदानतंत्रांच्या वापराचे नियमन करणारा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य.

त्या कायद्याची धार सुईच्या परीक्षेवर होती आणि तो राज्याच्या हद्दीपुरता होता. पलीकडच्या राज्यात जाऊन यायला कुणाची हरकत नव्हती. शिवाय काळ बदलत होता. सुई टोचायची गरजच न ठेवणारी सोनोग्राफीची यंत्रे स्वस्त होत तालुक्यापर्यंत उतरत होती. १९९४ मध्ये संसदेने देशासाठी कायदा केला, १ जानेवारी १९९६ पासून तो नियमांसकट अमलात आला. नियमांना जोडलेल्या नमुन्यांत अ, ब, क करत एक ‘एफ’ आला. गर्भवतीची अशी तपासणी करणाऱ्या प्रत्येक केंद्राने तो भरायचा, कागद दोन वर्षे सांभाळायचे आणि, पुढे आलेल्या नियमानुसार, त्या महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे द्यायचा. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांत हा समुचित प्राधिकारी म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक.

पहिली काही वर्षे कायदा पुस्तकातच राहिला. २००१ ची जनगणना आली आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे मुली किती, हा आकडा महाराष्ट्रात ९४६ वरून ९१३ वर घसरलेला दिसला. कोल्हापुरात तर तो ८३९ होता. ऊस, दूध, सहकार, शाहू महाराजांचा वारसा या सगळ्यांनी समृद्ध झालेल्या जिल्ह्याचा हा आकडा होता. गरिबी आणि अडाणीपणाला दोष देऊन सुटण्याची सोय त्याने ठेवली नाही.

न्यायालयाने मागितलेल्या याद्या

२००० साली तीन अर्जदार सर्वोच्च न्यायालयात गेले होते: मुंबईची ‘सेहत’, पुणे जिल्ह्यात काम करणारी ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज. कायदा आहे, अंमलबजावणी नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. न्यायालयाने २००१ पासून राज्यांना एकामागून एक आदेश दिले. देशात सोनोग्राफीची यंत्रे किती आणि कुणाकडे, याचा नीट हिशोबच नव्हता. तो लावण्यासाठी यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांकडून गिऱ्हाइकांच्या याद्या मागवाव्या लागल्या. फर्निचर कुठे गेले ते पाहायला दुकानदाराची वही उघडावी, तसाच हा प्रकार.

फेब्रुवारी २००३ मध्ये दुरुस्त कायदा लागू झाला. गर्भधारणेपूर्वीची तंत्रेही त्यात आली आणि नाव लांबत ‘पीसीपीएनडीटी’ झाले. एफ फॉर्मचे भवितव्य ठरवणारी ओळ याच दुरुस्तीत होती. गर्भवतीची सोनोग्राफी करणाऱ्याने नोंद पूर्ण ठेवलीच पाहिजे. नोंदीत उणीव किंवा चूक आढळली तर ती गर्भलिंग निदानासंबंधीच्या मुख्य कलमांचाच भंग मानली जाईल आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी तपासणी करणाऱ्यावर राहील.

म्हणजे रिकामा राहिलेला रकाना हाच पुरावा. कायदा असा का झुकला, हे समजणे अवघड नाही. बंद खोलीत डॉक्टर, गर्भवती आणि एखादा नातेवाईक असतो. तिथे बोललेल्या एका शब्दाला साक्षीदार कुठून आणायचा? साताऱ्याच्या लेक लाडकी अभियानाने वर्षा देशपांडे यांच्या पुढाकाराने गर्भवती स्वयंसेविकांना बनावट गिऱ्हाईक म्हणून पाठवून डॉक्टर पकडले, पण असे सापळे किती लावणार? शब्द पकडता येत नाही, कागद पकडता येतो. त्यामुळे सगळा भार कागदावर आला.

कोल्हापूरची पेटी

कागदाचीही एक मर्यादा होती. पाच तारखेला गठ्ठे येत, पोचपावती मिळे, गठ्ठे कपाटावर चढत. कोणत्या केंद्रात दोन मुलींच्या आयांची गर्दी जास्त, कुठे तपासण्या चौथ्या-पाचव्या महिन्यातच एकवटतात, हे हजारो कागदांतून हाताने कोण काढणार?

२००९-१० च्या सुमारास कोल्हापूरचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी या प्रश्नाला हात घातला. देशमुख मराठी कथा-कादंबरीकार म्हणूनही परिचित आहेत, २०१८ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या ‘सेव्ह द बेबी गर्ल’ उपक्रमाचे दोन भाग होते. एक, एफ फॉर्म ऑनलाइन भरायचा, तोही २४ तासांच्या आत. दोन, सोनोग्राफी यंत्राला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाची पेटी जोडायची. पडद्यावर जे उमटते ते या पेटीत साठत राहते. फॉर्ममध्ये एक लिहिले आणि पडद्यावर दुसरेच पाहिले, तर दोन्ही नोंदी शेजारी ठेवून तपासता याव्यात ही त्यामागची कल्पना.

हा बदल वरवर तांत्रिक होता, पण त्याने नोंदीचा स्वभावच बदलला. गठ्ठ्यातला कागद एकेक वाचावा लागतो. संगणकातल्या रकान्याला मात्र प्रश्न विचारता येतो: आधीच्या दोन मुली, चौदा ते वीस आठवडे, तपासणीचे कारण प्रत्येक वेळी तेच, अशा नोंदी कुठे साचल्यात? संशोधक ज्याला विदा म्हणतात ती तालुक्याच्या सोनोग्राफी केंद्रातून रोज वर येऊ लागली.

डॉक्टरांना हे रुचले नाही. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेच्या जालना इथल्या राज्य शाखेने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. कोल्हापूरचा वाद मराठवाड्यातून न्यायालयात जातो, यावरूनच पेटीची धास्ती कुठवर पसरली होती ते कळते. मुद्दे दोन होते. कायद्यात पेटीचा उल्लेख नाही, मग जिल्हाधिकारी ती सक्तीची कशी करणार? आणि रुग्णाच्या शरीराची चित्रे साठवणे हा तिच्या खासगीपणावर घाला नाही का? २६ ऑगस्ट २०११ रोजी मुख्य न्यायमूर्ती मोहित शाह आणि न्यायमूर्ती गिरीश गोडबोले यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. चित्रे इंटरनेटवरून कुठे जात नाहीत, ती यंत्राचाच भाग बनून राहतात, याची न्यायालयाने नोंद घेतली आणि कायद्याच्या हेतूपुढे खासगीपणाचा दावा टिकू दिला नाही.

त्या वर्षीच्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा थोडा वर सरकलेला होता. पण त्याचे श्रेय पेटीला देता येत नाही. मोजलेली मुले सहा वर्षांपर्यंतची होती, त्यांतली बहुतेक पेटी येण्याआधीच जन्मली होती. उलट राज्याचा आकडा आणखी घसरून ८९४ वर आला. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा २००१ मध्ये नऊशेच्या वर होता, २०११ मध्ये तो नऊशेच्या खाली गेला. कोल्हापुरात जे आधी झाले ते मराठवाड्यात मागाहून झाले. यंत्र जसजसे आत शिरले तसतसा आकडा खाली आला.

चुकलेली तारीख आणि सील झालेले यंत्र

त्यानंतर नियम घट्ट होत गेले. २०१२ मध्ये एका डॉक्टरने एका जिल्ह्यात दोनपेक्षा जास्त केंद्रांवर सोनोग्राफी करू नये असे ठरले. फेब्रुवारी २०१४ मध्ये एफ फॉर्मच बदलला. त्याचे चार भाग झाले: सगळ्यांसाठी एक, नुसत्या सोनोग्राफीसाठी दुसरा, सुईच्या तपासण्यांसाठी तिसरा, प्रतिज्ञापत्रांसाठी चौथा. सोनोग्राफीच्या कारणांची तेवीस कलमी यादी छापलेली असते, तिच्यातूनच खूण करायची. बाय-रॅड्सने मॅमोग्राफीला जे शिकवले ते इथे कायद्याने शिकवले.

एक फरक मात्र राहिला आणि तो मोठा आहे. तेवीस कारणांना जागा आहे, मुलगे-मुलींना वयासकट जागा आहे, पण यंत्राने काय दाखवले यासाठी ‘निष्कर्ष थोडक्यात’ एवढाच रकाना. ‘एक जिवंत गर्भ, अमुक आठवडे’ लिहिले की भागते. फॉर्म पाहणाऱ्यावर लक्ष ठेवण्यासाठी होता, जे पाहिले ते जपण्यासाठी नव्हता.

डॉक्टरांची तक्रारही इथूनच वाढली. पत्ता अपुरा, सही राहिली, संक्षिप्त रूप वापरले, तारीख चुकली, एवढ्यावर यंत्रे सील होतात आणि फौजदारी खटले चालतात, असे ते म्हणत. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. एका सहीसाठी तुरुंग ही भीती खोटी म्हणता येत नाही. १ सप्टेंबर २०१६ रोजी रेडिओलॉजिस्टांच्या देशव्यापी संघटनेने बेमुदत संप पुकारला. लेखनिकाची चूक आणि गर्भलिंग निदान यांना एकाच दावणीला बांधू नका, ही मागणी.

प्रसूतितज्ज्ञांच्या महासंघाने हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयात नेला. ३ मे २०१९ रोजी न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि न्यायमूर्ती विनीत सरन यांनी तो फेटाळला. एफ फॉर्म हा कारकुनी सोपस्कार नाही, कायद्याचा डोलारा त्यावरच उभा आहे आणि तोच अपुरा ठेवला तर गुन्हा शोधायला दुसरे साधन उरत नाही, असा त्या निकालाचा सूर. १९९६ साली नियमांच्या शेपटाला जोडलेला एक नमुना तेवीस वर्षांत कायद्याचा कणा झाला.

पुण्यातली दुसरी वाट

याच वर्षांत पुण्यात रकान्यांचे एक वेगळे काम चालू होते आणि त्याचा गाजावाजा झाला नाही. ‘परम’ महासंगणकामुळे नावारूपाला आलेल्या सी-डॅकमध्ये आरोग्यनोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र आहे. केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली, २०१६ मध्ये सुधारली. ‘स्नोमेड सीटी’ हा आजार, अवयव, निरीक्षणे यांचा सांकेतिक शब्दकोश देशात वापरता यावा म्हणून २०१४ मध्ये भारत त्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य झाला. त्याचे इथले काम पुण्याच्या केंद्राकडे आहे. हिंगोलीत एकाने ‘वार खाली आहे’ लिहिले आणि नांदेडात दुसऱ्याने इंग्रजी संज्ञा वापरली, तरी दोघांचा संकेत एकच असला की संगणकाला दोन्ही नोंदी एकाच अर्थाने कळतात. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झाले, चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक आले. क्ष-किरण आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट कोणत्या साच्यात पाठवायचे, तो साचाही याच केंद्राने तयार करून ठेवला आहे.

तरीही एकाच तपासणीच्या दोन नोंदी अजून दोन वाटांनी जातात. गोरेगावच्या सुनेचा एफ फॉर्म ती घरी पोचेपर्यंत संगणकात चढलेला असतो. तिला मुली किती, त्यांची वये काय, तिला कुणी पाठवले, हे सरकारला कळलेले असते. वार कुठे आहे, हे फक्त तिच्या पिशवीतल्या कागदाला माहीत असते.

वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर असेल, तर प्रसूतीत एकाएकी मोठा रक्तस्राव होऊ शकतो. कळा बहुतेक रात्री-अपरात्री सुरू होतात. एकशेआठची रुग्णवाहिका येते, गाडी जवळ पडेल त्या दवाखान्याकडे वळते, तिथे डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, “सोनोग्राफीचा कागद कुठाय?” कागद गोरेगावात, पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्ड आणि सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली असतो. सोबत दिलेला चकचकीत फोटोही तिथेच असतो. तो उष्णतेने उमटणाऱ्या कागदावरचा असल्याने दोन उन्हाळ्यांत पुसट होतो. त्या रात्री नवरा मोटारसायकलवर गावाकडे परत पाठवला जातो.

पोरी जगाव्यात म्हणून आपण पस्तीस-चाळीस वर्षांत बरेच शिकलो: नोंद कशी मागायची, कशी सक्तीची करायची, चोवीस तासांत कशी वर न्यायची, तिच्यात संशयाची जागा कशी हेरायची. ते शिकणे गरजेचे होते. न लिहायच्या एका गोष्टीसाठी ही सगळी यंत्रणा उभी राहिली आणि ती चालते. ज्या लिहिल्याच पाहिजेत त्या गोष्टी मात्र अजून मोटारसायकलवरून आणाव्या लागतात.